केळवण, मिनी थिएटर आणि बोहल्यावरून नाही म्हणणारा चार्ल्स

कामाचं आधी सांगते, बरेचजण तेवढ्यासाठीच रिव्ह्यू उघडतात. साताऱ्यातलं हे मिनी थिएटर पोवई नाक्यावरून चालत 10 मिनिटं, पहिला मजला, एकच हॉल, 10 रिक्लायनर खुर्च्या, भिंतभर पडदा, प्रोजेक्टर, साऊंड दणदणीत. 3 तासाचे 1800 रुपये घेतले आमच्याकडून, त्यात चहा आला. वाढदिवस आणि ॲनिव्हर्सरीवाले जास्त येतात त्यामुळं फुगे, लाईटच्या माळा असलं पण लावून देतात, त्याचे वेगळे पैसे, आम्ही नको म्हणलं. सिनेमा त्यांच्याकडं नसतो, आपल्याच अकाऊंटवरून लावायचा. बाहेरचं खाणं चालत नाही असा बोर्ड आहे पण कंदी पेढ्यांचा बॉक्स चालला, पहिला पेढा मालकालाच दिला. माझ्याकडून 5 पैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. पण या जागेचं मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर इथं सिनेमा मधेच थांबवता येतो. किरकोळ वाटेल ऐकायला. आम्ही 8 जण होतो, सिनेमा 117 मिनिटांचा, आणि आम्हाला 3 तास पुरले नाहीत.

झालं असं की चुलत बहिणीचं केळवण रविवारी आमच्याकडं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया पापड, सगळं झालं आणि सगळे सुस्त. बहिणीचं आधीपासूनच चाललेलं की जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, लग्नानंतर ती बंगळूरला जाणार, परत असे सगळे एकत्र कधी जमणार. आणि सिनेमा तिनेच ठरवलेला, पुण्यात होस्टेलला असताना तिने तो 5-6 वेळा बघितलाय. फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल. 1994 चा ब्रिटिश सिनेमा, दिग्दर्शक माइक न्यूवेल, लिहिलाय रिचर्ड कर्टिसने, ह्यू ग्रँट त्यात चार्ल्स. नावातच 4 लग्नं आहेत म्हणून आई आणि मावशी लगेच तयार झाल्या. नावातली अंत्ययात्रा मी मराठीत सांगितलीच नाही.

काकू मात्र, म्हणजे नवरीची आई, गाडीत बसल्यापासून गप्प. तिने सकाळीच मोबाईलवर शोधून शेवट वाचलेला. मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाली, "अगं त्यात शेवटी तो नवरा चर्चमध्ये उभा राहून लग्नाला नाही म्हणतो. केळवणाच्या दिवशी असला सिनेमा? हिच्या मनात काय आहे का?" मी म्हणलं काकू, तसं काही नाहीये, तिला आवडतो म्हणून लावतेय. पण खरं सांगते, मला पण तेव्हा जरा धस्स झालं. 17 दिवसांवर लग्न, पत्रिका वाटून झालेल्या, हॉल, आचारी, बँड सगळ्यांना ॲडव्हान्स दिलेला.

मालक म्हणजे पंचविशीतला मुलगा. मागं काचेच्या छोट्या केबिनमध्ये बसतो आणि सुरुवातीलाच सांगतो की काकू, कुणालाही थांबवायचं असेल तर नुसता हात वर करा. सबटायटल इंग्लिशच होती त्यामुळं मावशीच्या शेजारी बसून मी मराठीत सांगत होते. सुरुवातीलाच चार्ल्सला मित्राच्या लग्नाला उशीर झालेला असतो आणि पहिली काही मिनिटं तो आणि त्याची रूममेट एकच शिवी देत पळत असतात, त्याचं मी "अगं बाई, अगं बाई" असं भाषांतर केलं. मावशीला ते फार पटलं, उशीर झाल्यावर माणूस असंच म्हणतो म्हणाली.

गोष्ट थोडक्यात अशी. चार्ल्स आणि त्याची मित्रमंडळी कायम दुसऱ्यांच्या लग्नांना जातात. पहिल्या लग्नात त्याला कॅरी भेटते, अमेरिकन, अँडी मॅकडॉवेलने केलीय. तो तिच्या प्रेमात पडतो पण तोंडाने नीट बोलत नाही. दुसऱ्या लग्नात कळतं तिचं ठरलंय, तिसरं लग्न तिचंच, हॅमिश नावाच्या, वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी, स्कॉटलंडमध्ये. त्याच लग्नात यांच्या ग्रुपमधला सगळ्यात हसरा, सगळ्यात मोठ्या आवाजाचा गॅरेथ हार्ट अटॅकने जातो. मग ती अंत्ययात्रा. आणि चौथं लग्न चार्ल्सचं स्वतःचं, पण कॅरीशी नाही, हेन्रिएटाशी, जिच्याशी त्याचं आधी कधीतरी होतं आणि जिला तो सोडून गेलेला. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात कॅरी येते आणि सांगते की हॅमिशपासून ती वेगळी झालीय. हा पार कोलमडतो. तरी तो जाऊन उभा राहतो. फादर विचारतात, या दोघांनी लग्न करू नये असं काही कारण कुणाला माहीत आहे का. आणि चर्चमध्ये ठक ठक आवाज येतो, चार्ल्सचा भाऊ डेव्हिड बाकावर ठोकत असतो.

डेव्हिडला ऐकू येत नाही, तो खुणांच्या भाषेत बोलतो, आणि ज्या नटाने ते काम केलंय, डेव्हिड बॉवर, त्याला खरोखरच ऐकू येत नाही. आता तो चार्ल्सला खुणा करून सांगतो की मी काय म्हणतो ते यांना सांग. आणि चार्ल्स सगळ्या चर्चसमोर एकेक वाक्य मोठ्याने सांगत जातो, की माझ्या भावाला असं वाटतंय की नवऱ्या मुलाच्या मनात शंका आहे, त्याचं प्रेम दुसऱ्याच कुणावर आहे. फादर त्यालाच विचारतात, तुझं दुसऱ्या कुणावर प्रेम आहे का. तो हो म्हणतो. लग्नात होकार द्यायला जे शब्द म्हणतात तेच शब्द. हेन्रिएटा त्याला एक ठोसा मारते, तो खाली.

इथं पहिला हात काकूने वर केला. पडदा थांबला, मालकाने बारीक लाईट लावली.

आणि मग जे सुरू झालं ते कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये होऊ शकलं नसतं आणि घरी टीव्हीसमोर पण झालं नसतं, कारण घरी कोणीतरी उठून कुकर लावतं. दादा म्हणाला शुद्ध मूर्खपणा आहे, नाही म्हणायचं होतं तर आदल्या दिवशी सांगायचं, साखरपुड्याच्या आधी सांगायचं, एवढे पाहुणे बोलवून मांडवात कसलं नाही म्हणतो. आई म्हणाली आणि कारण काय तर दुसरी आली दारात, ती आली नसती तर केलंच असतं की लग्न, मग ते प्रेम कसलं. वहिनी एकदम चिडून म्हणाली, सगळे त्याचंच बोलताय, त्या पोरीचं काय, ती नटूनथटून उभी आहे, तिचे आईवडील आहेत, सिनेमाभर तिला सगळे बदकतोंडी म्हणून चिडवतात आणि शेवटी हे. वहिनीचं बरोबर होतं. मला आजपण वाटतं की त्या सिनेमात सगळ्यात मोठा अन्याय हेन्रिएटावर झालाय आणि सिनेमाला त्याचं पुरेसं वाईट वाटत नाही.

माझं म्हणणं मी तिथं पण मांडलं, इथं पण लिहिते. लोकांना चार्ल्सचा नकार कोड्यात टाकतो, मला त्याचा होकार कळत नव्हता. म्हणजे हा हेन्रिएटाला हो म्हणालाच कसा? तर त्याचं उत्तर त्या अंत्ययात्रेत आहे. गॅरेथच्या जाण्यानंतर चार्ल्स आणि टॉम, म्हणजे त्यांच्यातला तो साधाभोळा श्रीमंत मित्र, दोघं चालत जात असतात. गॅरेथ आणि त्याचा जोडीदार मॅथ्यू, दोघांचं एकमेकांवर किती प्रेम होतं ते नुकतंच सगळ्यांनी बघितलेलं असतं. आणि टॉम म्हणतो मी कधी वीज अंगावर पडेल अशी वाट बघितलीच नाही, एखादी चांगली मुलगी भेटली जिला मला बघून किळस येत नाही की बास. आणि चार्ल्स तिथं हरतो. त्याला वाटतं आपण खऱ्या प्रेमाची वाट बघत बसलो ते चुकलं, जवळचा माणूस असा एका मिनिटात जातो, आता मिळेल ते घ्यावं. घाबरून दिलेला होकार आहे तो. आमच्या ओळखीत, तुमच्या पण असेल, घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून घाईने ठरलेली लग्नं मी 3 तरी बघितलीत. त्या घाईत कुणी वाईट नसतं. पण कुणी कुणाला काही विचारतही नाही.

मग मावशी बोलली. मावशी माझ्या आईपेक्षा मोठी, कराडची, दरवर्षी दासनवमीला सज्जनगडावर जाते, गेली 30 वर्षं एकदाही चुकलेली नाही. ती एवढा वेळ गप्प बसून पेढा खात होती. म्हणाली, "त्यात कोडं कसलं? आपल्या गडावर समाधी कुणाची हाय मग?"

2 सेकंद कुणाला कळलं नाही. आणि मग एकदम सगळ्यांना कळलं.

साताऱ्यात वाढलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट शाळेच्या सहलीपासून ऐकलेली आहे. 12 वर्षांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास स्वामी, जांब गावचा, जन्म 1608 चा, रामनवमीचा. आई राणूबाई लग्नाचा हट्ट धरते, तो ऐकत नाही. कीर्तनात सांगतात की आईने त्याच्याकडून शब्द घेतला, अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नाही. त्याने शब्द पाळला. बोहल्यावर उभा राहिला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, भटजी म्हणाले सावधान, आणि हा सावध झाला आणि पळाला. पुढं नाशिकजवळ टाकळीला 12 वर्षं तप, मग भारतभर फिरणं, मग आपल्या कृष्णाकाठी येणं, 1648 ला चाफळचं राममंदिर, आणि शेवटी सज्जनगड. गावापासून गड असेल 15-16 किलोमीटर, आपण भात खायला जातो, प्रसादाचा.

मावशीचं म्हणणं असं की दादा जे विचारतोय, आदल्या दिवशी का नाही सांगितलं, त्याचं उत्तर नारायणाच्या गोष्टीत आहे. सांगितलेलं होतं. ऐकलं नव्हतं कुणी. मांडवात मात्र सगळ्यांचं तोंड तिकडं असतं, तिथं ऐकावंच लागतं. आणि तिने अजून एक गोष्ट बोलली जी मी त्या दिवसापासून डोक्यातून काढू शकले नाही. ती म्हणाली नारायण समर्थ झाले म्हणून आपण त्या पळण्याला हात जोडतो. समजा ते समर्थ झाले नसते, कुठं गावात कारकुनी करत राहिले असते, तर आपणच म्हणलो असतो की बघा, पोरीला मांडवात टाकून पळाला. चार्ल्स पुढं जाऊन कोणी मोठा झाला नाही म्हणून तुम्हाला त्याचा राग येतोय.

वहिनी म्हणाली मावशी, आणि त्या अंतरपाटापलीकडच्या मुलीचं? मावशी म्हणाली, "तेच. तिचं कीर्तनात कोण सांगत न्हाई."

कुणीच काही बोलेना. केबिनमधला मालक मुलगा पण दार उघडून ऐकत उभा होता, आणि हे मला फार आवडलं की त्याने एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही.

दादा वकिलाच्या ऑफिसात काम करतो त्याने मग कायद्याचं काढलं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात असं आहे की जिथं सप्तपदी विधीत असते तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. म्हणजे मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बँड वाजला, लोक जेवायला पळाले, तरी कायद्याने लग्न अजून व्हायचंय. पण गंमत बघा की या सगळ्यात कुठंच, एकदाही, मुलीला किंवा मुलाला कोणी सगळ्यांसमोर सरळ विचारत नाही की तुला करायचंय का. माईकवरून कुणाला बोलावतात? मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. बोलवणं मामाला. ती मान खाली घालून येते. चर्चमधल्या त्या पद्धतीत निदान सगळ्या गावाला विचारायची एक जागा ठेवलीय, आणि मग दोघांना वेगवेगळं विचारायची. चार्ल्सच्या नकाराला त्या जागेमुळं दार मिळालं.

माझं स्वतःचं लग्न 2016 ला रजिस्टर झालं, 1954 च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. 30 दिवस आधीची नोटीस, 3 साक्षीदार, आणि अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना तोंडाने म्हणायचं की मी तुझा कायदेशीर नवरा किंवा बायको म्हणून स्वीकार करतो किंवा करते, ते म्हणलं नाही तर लग्न पुरं होत नाही. ऑफिसमध्ये पंख्याचा आवाज, बाहेर दुसऱ्या कामाला आलेल्या लोकांची गर्दी, सजावट नाही काही नाही. पण ते वाक्य म्हणायच्या आधी मी थांबले. अर्धं मिनिट असेल. नवऱ्याचा चेहरा उतरला. मला नाही म्हणायचं नव्हतं, अजिबातच नव्हतं, पण त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की मी नाही म्हणू शकते, आणि मग जे हो म्हणले ते माझं होतं. हे मी घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं, त्या खुर्चीत बसून सांगितलं.

वहिनीचं माहेर खटाव तालुक्यातलं, कटगुणच्या जवळ. कटगुण म्हणजे महात्मा फुल्यांचं मूळ गाव, आणि सावित्रीबाईंचं नायगाव तर खंडाळा तालुक्यात, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. तिच्या भावाचं लग्न सत्यशोधक पद्धतीने झालं होतं, तिने तिथलं सांगितलं. सत्यशोधक समाज सप्टेंबर 1873 ला सुरू झाला आणि त्या पद्धतीचं पहिलं लग्न त्याच वर्षी 25 डिसेंबरला लागलं. जोतीरावांनी मंगलाष्टकंच नवीन लिहिली, आणि त्यात नवरानवरी बोलतात. एकमेकांशी, सगळ्यांसमोर. नवरी म्हणते की आम्हा बायकांना स्वातंत्र्य काय ते ठाऊक नाही, ते मला मिळवून देशील अशी शपथ घे, आणि तो घेतो. वहिनी म्हणाली की तिची भावजय ते म्हणताना इतक्या मोठ्या आवाजात म्हणली की मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. सव्वाशेच्या वर वर्षं झाली हे लिहून, आपल्याच मातीतल्या माणसांनी, आणि आपण अजून नवरीने उखाण्यात लाजत नाव घेतलं की खूष होतो.

काकू एवढा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मावशीने तिच्याकडं बघितलं आणि मग स्वतःचंच सांगितलं. 1984, कराड, मावशी 20 वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. बघायला आले, पोहे झाले, आठवड्यात ठरलं. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं की परीक्षा होईपर्यंत थांबा, 4 महिने. आईला सांगून बघितलं, वडिलांना सांगायचं धाडस झालं नाही. अंतरपाटाच्या अलीकडं उभी असताना मामा मागं होता, तिचा सगळ्यात लाडका मामा, त्याला कानात सांगावं असं तिला वाटलं, मान वळवली पण, तेवढ्यात अक्षता पडायला लागल्या. परीक्षा राहिली ती राहिलीच. "तुझे काका सोन्यासारखे होते," मला म्हणाली, "माझं वाईट काय बी झालं न्हाई. पण कुणी विचाराय पाहिजे होतं. मी हो म्हणले असते. लई तर चार महिन्यांनी."

मी नुसतं तिच्याकडं बघत होते. तेव्हा मला चर्चमधल्या त्या सीनचं एक कळलं जे मला आधी 2 वेळा सिनेमा बघून पण कळलं नव्हतं. डेव्हिडच्या खुणा चर्चमधल्या बहुतेक लोकांना कळत नसतात. चार्ल्सला काहीही खोटं सांगता आलं असतं. माझा भाऊ म्हणतोय अभिनंदन, एवढं म्हणला असता तरी लग्न लागलं असतं. मी नाही का सुरुवातीच्या शिव्यांचं अगं बाई केलं. पण तो जसंच्या तसं सांगतो, स्वतःच्याच विरोधात, अडखळत अडखळत. सिनेमाभर जो माणूस एक वाक्य धड बोलू शकत नाही तो तिथं दुसऱ्याचं बोलणं सांगता सांगता पहिल्यांदा खरं बोलतो. म्हणून मी त्याच्या बाजूची आहे. उशीर केला, हेन्रिएटाचं फार वाईट केलं, ठोसा खायलाच पाहिजे होता त्याने, पण तिथं खोटं बोलून हो म्हणला असता तर तिचं अजून वाईट झालं असतं, आयुष्यभर झालं असतं.

आणि काकूने विचारलं. पडदा तसाच थांबलेला, चार्ल्स खाली पडलेला. नवरीकडं वळून म्हणाली, "तुला काय सांगायचंय का बाळा? आम्ही तुला नीट विचारलंच नाही ना?"

बहीण आधी हसली. म्हणाली आई, मला सिनेमा आवडतो म्हणून लावलाय गं. मग तिचं हसू गेलं. म्हणाली, तू विचारलं नाहीस हे खरंय, मीच येऊन सांगितलं की मुलगा चांगला वाटतोय आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी हॉल बघायला गेलात. काकू म्हणाली मग आता विचारते. करायचंय ना तुला? आणि आम्ही 7 जण बसलेलो, मागं मालक उभा, कुणी हलेना.

ती लगेच बोलली नाही. तेवढ्या वेळात काकूचा हात माझ्या हातावर होता, गार पडलेला. मग बहीण म्हणाली, "हो. करायचंय."

काकूने नाक पुसलं आणि मालकाला म्हणाली, लाव रे बाबा पुढचं.

पुढचं 10-15 मिनिटांचंच आहे. चार्ल्स घरी, मित्र भोवती, दाराची बेल वाजते, पावसात कॅरी उभी. तो तिला लग्नाचं विचारत नाही, उलट विचारतो की आयुष्यभर माझ्याशी लग्न न करता राहशील का, आणि ती हो म्हणते. शेवटी सगळ्यांच्या लग्नाचे फोटो येतात, या दोघांचा मात्र बाळासोबतचा. काकूला हे अजिबात पटलं नाही. एवढं सगळं करून लग्न नाहीच केलं का मग, म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तेच बोलत होती. मावशीला पाऊस आवडला.

आता अर्धा स्टार. नेट 2 वेळा अडकलं, एकदा तर कवितेच्या सीनला, अंत्ययात्रेत मॅथ्यू इंग्रजी कवी ऑडेनची कविता म्हणतो तिथं, आणि ते गोल गोल फिरणारं चक्र बघून सगळा भाव गेला. मालकाने स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट दिलं मग चाललं, पण त्याने चांगलं कनेक्शन घ्यायला पाहिजे, लोक 1800 रुपये देतात. दुसरं, जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला. मावशीचे गुडघे दुखतात, तिला वर न्यायला मी आणि दादा दोघं लागलो. वॉशरूम खालच्या मजल्यावर, म्हणजे परत तोच जिना. वयस्कर माणसं असतील तर आधी फोन करून सांगा, खाली खुर्ची ठेवतो म्हणाला तो पुढच्या वेळी. एसी फार गार ठेवतात, शाल न्या. चहा चांगला, आलं घातलेला, पण कप अगदीच छोटे.

आणि हे मुद्दाम लिहायचंय की आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा 35 मिनिटं जास्त बसलो, पुढचं बुकिंग लगेच नव्हतं त्यामुळं त्याने उठवलं नाही, आणि दादाने जास्तीचे पैसे काढले तर घेतले नाहीत. निघताना बहिणीला म्हणाला, ताई, तुमचं लग्न झाल्यावर दाजींना घेऊन या, फुगे माझ्याकडून. काकू जिन्यात अर्ध्यात पोचलेली ती परत वर आली आणि पर्समधून पत्रिका काढून त्याला दिली.

बुकिंग करणार असाल तर रविवारचा दुपारचा 3:30 चा स्लॉट मागा, त्याच्यानंतर मोकळा वेळ असतो. मागच्या रांगेतल्या डावीकडच्या 2 खुर्च्यांचं बटण बिघडलंय, त्या सोडून बसा.